फूल की दोन पानं

गोव्यातला सत्तरी तालुका. पोफळीच्या या कुळागरातला, म्हणजे बागायतीतला, पाट म्हादईच्या पाण्यावर चालतो. नदी उगम पावते पलीकडे, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, आणि तिच्या पाण्याचा हिशेब होतो दिल्लीत. लोकसभेत कर्नाटकाचे खासदार २८, गोव्याचे २. पण हे दोघे तरी गोव्याचे म्हणून निवडून जातात, ते एका मतदानामुळे.

१६ जानेवारी १९६७. पोर्तुगीजांपासून मुक्तीला जेमतेम पाच वर्षं झालेली. महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला खूण फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे; मतदानाआधी त्यांच्या सरकारनं राजीनामा दिला होता. विरोधात युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा.

आमच्या घरात भजन मराठी, दशावतार मराठी, शाळाही मराठी. तेव्हा मत फुलालाच, असं आजोबांनी धरून चाललेलं. आजीनं शिक्का मारला दोन पानांवर, आणि हे तिनं फोडलं तब्बल वीस वर्षांनी. आजोबा जेवता जेवता थांबले. ती म्हणाली, "मराठी घरात आहेच की. पण जमिनीच्या कागदासाठी मुंबई कोण गाठणार? तुम्ही?"

तिच्यासारखे बरेच असावेत. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं पडली, बाजूनं १,३८,१७०. आणि गंमत म्हणजे, दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत जिंकले पुन्हा बांदोडकरच. माणूस हवा होता, फक्त त्यानं कारभार पणजीतून करावा.

मुंबई टळली खरी, पण दिल्ली होतीच. केंद्रशासित म्हणजे वर उपराज्यपाल. घटक राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडला. आजीनं गुपित फोडलं ते त्याच दिवशी, पेढे वाटून झाल्यावर.

म्हादईचं प्रकरण मात्र राज्य होऊनही सुटलेलं नाही. २०१८ मध्ये लवादानं कर्नाटकाला म्हादईचं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२च्या अखेरीस केंद्रीय जल आयोगानं म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मान्यता दिली, तेव्हा दिल्लीत आणि पणजीत एकाच पक्षाचं सरकार होतं.

उन्हं कलली आहेत. कुळागराचा मालक फावड्यानं माती ओढतो, एका आळ्याचं पाणी दुसऱ्याला वळवतो. खालच्या बागेतला शेजारी वरून पाणी कमी आलं की ओरडतो. भांडण होतं, कधी कधी कडाक्याचं. तिन्हीसांजेला दोघं बांधावर बसून तंटा मिटवतात. शेजारी हाकेच्या अंतरावर राहतो.