दगडीपाला आणि काचेची बशी

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, पावसाची उघडीप. भाताचा बांध.)

खानापूर सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं, की बांधाबांधावर हा पाला दिसतो. लांब दांड्यावर एकच फूल, म्हणून कुणी एकदांडी म्हणतं, कुणी दगडीपाला. विळा लागला की बायका चार पानं तळहातावर चोळतात आणि रस जखमेवर पिळतात.

"रगात थांबतंय बघ बाळा," बांधावरची आजी सांगते.

गंमत म्हणजे हा पाला मूळचा आपला नव्हेच, अमेरिका खंडातून आलेला. परंपरेचं असंच असतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या बश्या.)

पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था इथेच, बेळगावात आहे. रानातल्या पाल्याची परीक्षा साधारण अशी होते: पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, मद्यार्कात भिजवून गाळायचा. आटवल्यावर काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो. बशीत अगरचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा थर, त्यावर जंतू पसरलेले. थराला पाडलेल्या भोकात अर्काचे थेंब टाकायचे आणि बशी रात्रभर 37 अंशांवर ठेवायची. सकाळी सगळीकडे दुधाळ साय धरलेली असते, आणि अर्क लागू पडला असेल तर भोकाभोवती स्वच्छ गोल कडं. ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात.

एवढ्यावरच लोक 'औषध सापडलं' म्हणून मोकळे होतात. पण बऱ्याच अर्कांना असं कडं उमटवायला मिलिग्रॅममध्ये मात्रा लागते. चांगल्या प्रतिजैविकाचं काम मायक्रोग्रॅममध्ये भागतं. आणि हिरड्याच्या फळातल्यासारखी टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, तर दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. बशीत जंतू मरतो, पण पोटात घेतलेलं टॅनिन रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही.

मला दुसरी वाट जास्त पटते. गळवं आणि जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या आवरणात नॉर-ए नावाचा पंप असतो. औषध आत शिरलं रे शिरलं, की हा ते बाहेर उपसतो. झऱ्याचं पाणी विहिरीत साठू न देणाऱ्या मोटरीसारखा. आपल्या मिऱ्यातलं पायपरिन ही मोटर अडवतं. जम्मूच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं, की पायपरिन जोडीला असलं तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची कमी मात्राही या जंतूला पुरते. अर्थात प्रयोगशाळेत. घरी गोळीवर मिऱ्याचा काढा पिऊ नका. पायपरिनमुळे इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं.

(दृश्य: आजीचं घर. फळीवरचा पत्र्याचा डबा.)

आजीने डबा उघडला. सुया, दोरा, सुंठीचा तुकडा, आणि प्रतिजैविकाच्या कॅप्सूलची एक पट्टी. दहातल्या सहा संपलेल्या, चार तशाच.

"ह्या कुणाच्या, आजी?"

"नातवाच्या. दोन दिसांत बरं वाटलं की त्याला. ऱ्हायल्यात त्या ठेवल्यात. कुणाला ताप आला तर देतंय यातलीच."