भरलेली वाटी आणि उपाशी पक्षी: पाळीव पोपटाचा आहारबदल आणि पेलेटची साठवण

आज घरी गेल्यावर आपल्या पक्ष्याची दाण्यांची वाटी हातात घ्या आणि तिच्यावर हलकी फुंकर मारून पाहा. काठोकाठ भरलेली दिसणारी ती वाटी पुष्कळदा अर्धीअधिक रिकामी निघते, कारण पोपटाच्या कुळातला पक्षी दाणा सोलून खातो, टरफल परत वाटीतच टाकतो आणि त्या हलक्या टरफलांचा थर वर साचत जातो. पक्ष्यांवर उपचार करताना मला वारंवार जाणवले आहे, की त्यांच्या खाण्याच्या बाबतीत आपला डोळा आपल्याला फसवतो. दाण्यांवरून पेलेटवर, म्हणजे दळून-दाबून केलेल्या तयार खाद्यावर, येतानाही तो फसवतो आणि पेलेटचा डबा बंद करून ठेवल्यावरही फसवतो. म्हणून डोळ्याऐवजी कशावर भरवसा ठेवायचा, याविषयी मी आज बोलणार आहे.

हे बोलणे कॉकटील, बजरीगर, लव्हबर्ड, कॉन्यूर आणि आफ्रिकन ग्रे या परदेशी जातींविषयी आहे. बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते बहुधा बजरीगर असतात, हेही जाता जाता सांगतो. आपला हिरवा, लाल चोचीचा मिठू मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पाळणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे.

दुकानात मिळणाऱ्या मिश्रणात राळे, बाजरी, करडई आणि सूर्यफुलाच्या बिया असतात. सूर्यफुलाच्या सोललेल्या बीमध्ये वजनाच्या सुमारे निम्मी चरबी असते. या सगळ्या दाण्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, कॅल्शियम अत्यल्प असते आणि त्याच्या तुलनेत फॉस्फरस फार जास्त असतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचा कॉकटीलही गवताचे बीच खातो, असे मला अनेक जण सांगतात आणि ते खरे आहे. पण तो कच्चे, हिरवे बीही खातो आणि त्यासाठी दिवसभर उडतो. दोन फुटांच्या पिंजऱ्यातला पक्षी मिश्रणातून सूर्यफूल तेवढे वेचतो, उरलेले उडवून टाकतो आणि दांडीवर बसून राहतो. काही वर्षांनी त्याच्या यकृतात चरबी साठते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने तोंडाचे, नाकपुड्यांचे आणि श्वासमार्गाचे अस्तर जाड आणि कोरडे होत जाते, तिथे जंतूंचे फावते, आणि घरचे लोक महिनोन्‌महिने सर्दी समजून औषध देत राहतात. आफ्रिकन ग्रेच्या बाबतीत रक्तातले कॅल्शियम इतके खाली जाऊ शकते, की तो झटके येऊन दांडीवरून खाली पडतो. दाण्यांवर जीवनसत्त्वाचा लेप असल्याचे पाकिटावर छापलेले असले, तरी त्यावर विसंबू नका. पक्षी टरफलासकट तो लेपही फेकून देतो.

पेलेट म्हणजे धान्य, कडधान्य, क्षार आणि जीवनसत्त्वे एकत्र दळून, दाबून आणि बहुधा उष्णता देऊन केलेले दाणे. त्यांचा खरा गुण असा, की प्रत्येक घासात तेच मिश्रण असल्यामुळे पक्ष्याला वेचून खाता येत नाही. पोपटकुळातल्या पक्ष्यांची पोषणाची गरज मोजण्याचे काम १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कॉकटीलवर केले आणि वाढत्या पिल्लांना आहारात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात हे दाखवून दिले. तरीही पेलेट हा संपूर्ण आहार मानू नये. रोजच्या खाण्यात त्यांचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असावा आणि बाकीचे गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, सिमला मिरची यांतून यावे. मी नेहमी बिनरंगी पेलेट सुचवतो, कारण रंगीत पेलेटने विष्ठेचा रंग बदलतो आणि लाल दिसणारी विष्ठा पेलेटमुळे तशी आहे की रक्तामुळे, हे कळेनासे होते.

आता अवघड भागाकडे येतो. दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्याला पेलेट हे अन्न आहे हेच माहीत नसते. आपल्यासमोर कोणी खडूचे तुकडे वाढले, तर भूक लागल्यावरही आपण ते खाणार नाही. पक्ष्याचीही तीच स्थिती असते. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हे वाक्य मी फार ऐकले आहे आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. एका कुटुंबाने कोणाच्या तरी सल्ल्यावरून कॉकटीलचे दाणे एका दिवसात बंद केले. वाटीतला पेलेटचा चुरा पाहून पक्षी खात आहे असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात तो पेलेट चोचीत धरून, चिरडून टाकत होता. चौथ्या दिवशी त्याला माझ्याकडे आणले तेव्हा छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागत होते आणि वजन ७१ ग्रॅम भरले. त्या कुटुंबाचे पक्ष्यावर मनापासून प्रेम होते आणि ते दिवसातून दहा वेळा वाटीकडे पाहत होते. त्यांच्याकडे वजनकाटा नव्हता, एवढीच उणीव होती.

म्हणून पेलेटची पिशवी आणण्याआधी एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. त्यावर एक छोटी दांडी किंवा डबा ठेवून पक्ष्याला आठवडाभर फक्त तिथे उभे राहण्याची सवय करा. वजन रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खायला देण्याआधी घ्यावे, म्हणजे दोन दिवसांची तुलना खरी ठरते. समजा आपल्या कॉकटीलचे नेहमीचे वजन ९२ ग्रॅम आहे. ते ८७ च्या आसपास आले, म्हणजे ५ टक्के घटले, की आदल्या टप्प्यावर परत जायचे आणि दाणे वाढवायचे. ८३ पर्यंत म्हणजे १० टक्के घटले, तर आहारबदल थांबवून पूर्वीचे खाणे द्यायचे आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवायचे. बजरीगरचे वजन मुळात ३० ते ४० ग्रॅम असते, त्यामुळे तिथे तीन ग्रॅमची घटसुद्धा मोठी समजावी.

काट्याच्या जोडीला पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद अंथरा आणि विष्ठा मोजा. तिचे तीन भाग असतात: घट्ट विष्ठा, पांढरा भाग आणि पाणी. पक्षी खात नसेल तर घट्ट भाग आटत जातो, गडद हिरवा आणि धाग्यासारखा बारीक होतो. पेलेट पोटात जाऊ लागले की तोच भाग तपकिरी आणि थोडा जाडसर होतो, पक्षी पाणीही अधिक पितो. तपकिरी विष्ठा दिसली तर ते जुलाब समजून घाबरू नका. पेलेट खरोखर गिळले गेले, याची ती चांगली खूण आहे.

प्रत्यक्ष बदल करताना मी दाण्यांना वेळ बांधून देतो. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास दाणे, मधल्या वेळात पिंजऱ्यात फक्त पेलेट आणि भाजी. सकाळी दहा ते दुपारी एक ही पक्ष्याच्या कुतूहलाची वेळ असते, असा माझा अनुभव आहे. कॉकटील आणि बजरीगर निसर्गात जमिनीवर टिपून खाणारे पक्षी असल्यामुळे खोल वाटीपेक्षा पसरट ताटली त्यांना जवळची वाटते. ताटलीत छोटा आरसा आडवा ठेवून त्यावर बारीक पेलेट विखुरले, तर प्रतिबिंबातला पक्षी आपल्याआधी टिपतो आहे असे वाटून पुष्कळ पक्षी चोच मारतात. आफ्रिकन ग्रेला आरशाने काही होत नाही; त्याला माणसे हवी असतात. त्याच्यासमोर बसून, पेलेट बोटात धरून, ते तोंडाशी नेऊन चवीने खाण्याचा आविर्भाव केला, तर आपल्या माणसाच्या हातातली वस्तू मिळवण्यासाठी तो पुढे येतो. घरात पेलेट खाणारा दुसरा पक्षी असेल तर त्याचा पिंजरा शेजारी ठेवावा, कारण तो माझ्यापेक्षा चांगला शिक्षक असतो. पेलेट कोमट पाण्यात भिजवून मऊ करून देण्यानेही काही पक्षी लवकर सुरुवात करतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात भिजवलेले अन्न तासाभरात काढून टाकलेच पाहिजे.

एखादा पक्षी आठ दिवसांत शिकतो, एखाद्याला तीन महिने लागतात. वय झालेल्या पक्ष्याला त्याहूनही जास्त. आजारी, पिसे गाळणाऱ्या किंवा अंड्यावर असलेल्या पक्ष्याचा आहार त्या काळात बदलू नये. आणि तो पेलेटवर स्थिरावला, की पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वाचे थेंब बंद करावेत. पेलेटमध्ये ती आधीच असतात, आणि ड जीवनसत्त्व गरजेपेक्षा जास्त झाले तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचू लागते.

इथपर्यंतची मेहनत एका ओलसर पिशवीने वाया जाऊ शकते, म्हणून साठवणीवर थोडे सविस्तर बोलतो. कॉकटील दिवसाला साधारण १२ ग्रॅम पेलेट खातो. म्हणजे एक किलोची पिशवी त्याला जवळपास ८३ दिवस पुरते. पिशवी उघडल्यापासून हवा, उजेड आणि उष्णता यांमुळे त्यातली जीवनसत्त्वे घटू लागतात आणि चरबी खवट होऊ लागते, म्हणून उघडलेली पिशवी सहा ते आठ आठवड्यांत संपवावी असे मी सांगतो. एकच पक्षी असलेल्या घराला या हिशेबाने एक किलोही जास्तच होतो, मग स्वस्त पडते म्हणून तीन किलोंची पिशवी घेणे हा खरा तोटा आहे. दुकानदाराने मोठ्या पोत्यातून काढून साध्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेले सुटे पेलेट तर घेऊच नका. त्यावर तारीख नसते आणि पोते कधी फोडले ते आपल्याला कळत नाही.

घरी आणल्यावर पेलेट मूळ पिशवीतच ठेवावेत, तोंड दुमडून चिमटा लावावा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे मुदत आणि गटक्रमांक हाताशी राहतो. पिशवी उघडल्याची तारीख डब्यावर लिहावी. डबा गॅसच्या वरच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नये. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतका ओलावा असतो, की उघडे राहिलेले पेलेट एका रात्रीत कुरकुरीतपणा सोडतात. अशा वेळी पंधरा दिवसांच्या, म्हणजे सुमारे १८० ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून त्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. फ्रीझरमधून काढलेली पुडी लगेच उघडू नका, कारण थंड पेलेटवर बाहेरच्या हवेतले पाणी धरते. दोन-तीन तास ती तशीच ठेवून, बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडा.

आपल्या घरांत धान्य टिकवण्याच्या ज्या रीती आहेत, त्या इथे चालत नाहीत. तांदळाला लावायची बोरिक पावडर आणि धान्यात टाकायच्या पाऱ्याच्या टिकड्या पक्ष्याच्या अन्नाजवळही येऊ देऊ नका. आपण तांदूळ धुऊन घेतो, पेलेट धुता येत नाहीत. पेलेटला ऊनही दाखवू नका, कारण उन्हाने अ जीवनसत्त्व नष्ट होते. डब्यात पतंगाची जाळी किंवा सोंडकिडे दिसले, तर सगळा माल टाकून डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा, आणि नवी पिशवी आणल्यावर ती आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे अंडी आणि अळ्या मरतात.

बुरशीच्या बाबतीत तर डोळा सर्वांत अपुरा पडतो. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले आणि त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीतून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. हे विष यकृतावर घाला घालते, भाजण्याच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही आणि बुरशी झटकून टाकली तरी दाण्यात राहते. त्यामुळे पेलेटला कुबट वास आला, ते एकमेकांना चिकटले किंवा एकाच कोपऱ्यात हिरवट डाग दिसला, तर वरचे काढून खालचे वापरण्याचा मोह टाळून पूर्ण पिशवी फेका. फेकताना ती गच्चीवर किंवा अंगणात उघडी ओतू नका. गाठ मारून, घट्ट बंद करून कचऱ्यात द्या, म्हणजे बाहेरच्या चिमण्या, कबुतरे आणि कावळे ती टिपणार नाहीत.