पार्किंगची जागा आणि मानपत्र

मागे ऐकू येतंय ना? बरं.

विषय आपल्या मराठी मंडळाच्या कार्यवाहांनी दिलाय, ‘कम्युनिटी कॉलेजांतील प्राध्यापक व कर्मचारी यांचे अलीकडील यश’. वेळ चाळीस मिनिटं, त्यातली आठ माझी ओळख करून देण्यात गेली. तिच्यात मी ‘नामवंत प्राध्यापक’ झालो. मी एकोणीस वर्षं अर्धवेळ गणित शिकवलं आणि त्या काळात माझं ऑफिस म्हणजे टोयोटाची डिकी होती.

पुढच्या रांगेत भारतातून इथं अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा दिसतायत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आयटीआय नव्हे आणि आपलं अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेजही नव्हे, जरी १९०१ साली शिकागोजवळ सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं पहिलं कॉलेज आजही जोलिएट ज्युनिअर कॉलेज हेच नाव लावतं. दोन वर्षं इथं शिकायचं आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. इथल्या रहिवाशाला फी युनिटमागे (युनिट म्हणजे विषय मोजायचं माप) ४६ डॉलर, आणि प्रवेश देताना टक्के कुणी विचारत नाही. आपल्यात ‘मुलगा बर्कलीला’ हे पार्किंग लॉटपर्यंत ऐकू जातं, ‘मुलगी कम्युनिटी कॉलेजला’ हे मात्र कानाशी सांगतात. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, असताना डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग केलेल्या वहिनी किती? हात वर करा. बघा! अहो, लगेच खाली नका घेऊ.

आता माझा पुरस्कार. आधी एक नियम सांगायला हवा, त्याशिवाय मजा कळणार नाही. अर्धवेळ माणसाला एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका व्यवस्थापनाखालच्या कॉलेजांत, पूर्णवेळाच्या ६७ टक्क्यांहून जास्त शिकवता येत नाही. घर तेवढ्यात चालत नाही, म्हणून सकाळी एका डिस्ट्रिक्टमध्ये, संध्याकाळी दुसऱ्यात. आम्हाला ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. घार हिंडते आकाशी, माझं चित्त पार्किंगपाशी.

तर एका कॉलेजनं, नाव घेत नाही, मला ‘उत्कृष्ट अर्धवेळ शिक्षक’ ठरवलं. बक्षीस म्हणजे लाकडी फळीवर पितळी पत्रा आणि एक सेमिस्टर डीनच्या गाडीशेजारी राखीव पार्किंग. पत्र्यावर माझ्या आडनावातला एक ‘के’ गळाला होता. एवढी वर्षं लोक माझं आडनाव कसं उच्चारतात हे ऐकल्यावर एका ‘के’चं काय दुःख करायचं! पण मानपत्र वाचायला लागलो तर दुसऱ्या ओळीपासून मी ‘ती’. ‘तिचे अथक परिश्रम’, ‘तिचे समर्पण’. आदल्या वर्षीच्या बाईंचा मजकूर उचलून वरचं नाव तेवढं बदललेलं. टाळ्या मात्र माझ्याच होत्या.

पुढे ऐका. ऑगस्टमध्ये माझ्या वर्गाला चौदा नावं आली. त्या कॉलेजात विसाच्या खाली गेलं की वर्ग रद्द. म्हणजे पार्किंग आहे, वर्ग नाही. बायको म्हणाली, फुकटची जागा आहे ना, वापरा की. सोमवारी गेलो, डीनच्या शेजारी गाडी लावली आणि डबा उघडला. थालीपीठ अर्धं झालं असेल, काचेवर टकटक. सुरक्षारक्षक. ‘सर, या सेमिस्टरला तुम्ही यादीत नाही, तुमचं परमिट संपलंय.’ मी पितळी पत्रा दाखवला. तो म्हणाला, यावर वेगळंच नाव आहे.

हसा, हसा. पण मला जे बोलायचंय ते यातच आहे. ते मानपत्र बाईंचं होतं तेव्हाही बाईंबद्दल नव्हतंच. ‘अथक परिश्रम’ कुणालाही लागू पडतात, बैलालाही. या माणसानं कोणत्या दिवशी नेमकं काय केलं, हे ज्यात लिहिलेलं नाही त्याला मी मानपत्र म्हणत नाही.

उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात शिक्षक सोडून बाकीच्या कर्मचाऱ्यांना ‘क्लासिफाइड’ म्हणतात. मला आधी छोट्या जाहिराती आठवल्या, मग गोपनीय फायली. तर आमच्या प्रवेश खिडकीवर अशाच एक क्लासिफाइड बाई होत्या. माझ्या वर्गातला एक मुलगा फी बघून नाव काढून घ्यायला गेला. बाहेरच्या राज्यातला म्हणून त्याला कितीतरी पट फी लागली होती. फॉर्म घेऊन शिक्का मारायचा, एवढंच बाईंचं काम. त्यांनी त्याचा पत्ता वाचला आणि विचारलं, ‘इथं राहायला कधी आलास?’ वर्ष उलटून गेलं होतं. पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं, भाड्याचा करार आण, विजेचं बिल आण, मी साडेपाचपर्यंत आहे. खिडकी पाचला बंद व्हायची. मुलगा रहिवासी ठरला आणि वर्गात टिकला. त्याचं यश कॉलेजच्या अहवालात माझ्या रकान्यात पडलं. मी बाईंचं नाव पुरस्काराला पाठवलं, तर उत्तर आलं की ‘अध्यापनातील योगदान’ हा रकाना रिकामा आहे.

कार्यवाह चिठ्ठी दाखवतायत. किती, पाच मिनिटं? म्हणजे विषयाला आता हात घालतो.

पटापट सांगतो. कम्युनिटी कॉलेजांसाठी अ‍ॅस्पेन पुरस्कार आहे, २०११ पासून. २०२३ मध्ये तो दोघांना विभागून मिळाला. टेक्सासचं अमॅरिलो कॉलेज एक. मुलं का गळतात याचा त्यांनी शोध घेतला, तर कारणं निघाली भाडं, गाडी, पाळणाघर, जेवण. मग त्यांनी कॉलेजातच धान्याचं कपाट ठेवलं, समाजसेवक नेमले. दुसरं मेक्सिकोच्या सीमेजवळचं इम्पीरियल व्हॅली कॉलेज. त्यांनी बेघर विद्यार्थ्यांसाठी २६ चिमुकली घरं उभी केली. यात प्राध्यापक किती आणि खिडकीवरची माणसं किती, तुम्हीच मोजा.

जिल बायडन यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. व्हाइट हाउसमध्ये राहून नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या. २०२४ च्या डिसेंबरात शेवटचा वर्ग घेतला. पार्किंगची अडचण त्यांना नसावी.

आणि तीन-चतुर्थांश शिकवणं पूर्णवेळ शिक्षकांकडे असावं हे उद्दिष्ट कॅलिफोर्नियानं कायद्यात घातलं १९८८ मध्ये. ते अजून उद्दिष्टच आहे. यावर माझ्याकडे बारा स्लाइड आहेत... नको? बरं.

फक्त एक. मघाशी हात वर केलेल्या वहिनींनी जाऊ नये. दाराशी कोरी पोस्टकार्डं ठेवलीत. तुमचा फॉर्म कुणी परत करण्याऐवजी दुरुस्त करून घेतला, कुणी साडेपाचपर्यंत थांबलं, ते तारखेसकट लिहा. नाव आठवत नसेल तर खिडकीचा नंबर चालेल. पेनं मसालेभाताच्या टेबलावर आहेत, हात पुसून घ्या.