लाल औषध, नवी वाट

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरात कुणी केमो घेतली आहे, त्यांना ‘लाल औषध’ म्हणजे कोणतं हे सांगावं लागत नाही. डॉक्सोरुबिसिन. नर्सताई ते हळूहळू शिरेत सोडतात आणि सुई जागेवर आहे ना, हे सारखं बघत राहतात. औषध शिरेबाहेर झिरपलं, तर आतलं मांस जळून जखम होते. पुढचे एक-दोन दिवस लघवीही लाल होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस हबकतोच!

औषध गुणकारी आहे, पण ते हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाही. म्हणून त्याला जन्मभराची मर्यादा आहे: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम. गाठ आटोक्यात येत असली, तरी तिथं हात आखडावा लागतो.

यावर तोडगा निघाला तो औषध न बदलता. तेच औषध मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, लायपोसोममध्ये भरलं. पिशवीचा व्यास शंभर नॅनोमीटरच्या आसपास; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. युक्ती भरण्यात आहे. आत आधीच अमोनियम सल्फेट असतं. औषध आत शिरलं की त्याचे स्फटिक होतात आणि ते सहजी बाहेर पडत नाही. वरून पॉलिमरचं आवरण, म्हणजे यकृतातल्या आणि प्लीहेतल्या पेशी ते लगेच गिळत नाहीत. निरोगी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून एवढी पिशवी सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या घाईघाईनं वाढलेल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात, म्हणून तिथं ती बाहेर झिरपू शकते.

अमेरिकेत 1995 साली याला मान्यता मिळाली. 2012 मध्ये तिथं तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ आयात करायला परवानगी द्यावी लागली.

मात्र हुरळून जाऊ नका. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात 2004 च्या चाचणीत गुण जुन्या औषधाइतकाच आला. हृदयाची इजा बरीच घटली, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलण्याचा त्रास वाढला. मला हा सौदा परवडणारा वाटतो. आणि टोरांटोच्या संशोधकांनी 2016 मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले, तेव्हा नॅनोकणांच्या, म्हणजे अशा अतिसूक्ष्म औषधवाहक कणांच्या, डोसपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक (चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) वाटा भरला 0.7 टक्के!

तेव्हा ‘नॅनो’ म्हणून जादा पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या आजारात यानं आयुष्य वाढेल, की फक्त त्रास कमी होईल? आणि माझं हृदय तपासलंय का?