जेजू : दम धरून उभं राहिलेलं बेट

[दृश्य : खडकाळ किनारा. पाण्यावर तरंगणारे नारिंगी गोळे. शिळेसारखे आवाज.]

ऐकू येतेय ती शीळ बायकांची आहे. मिनिटभर कोंडून धरलेला श्वास पाण्याबाहेर आल्या आल्या सुटतो, तेव्हा असा आवाज होतो. जेजूत त्याला सुंबिसोरी म्हणतात आणि या बायकांना हेन्यो. पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं नाही. अंगात रबरी पोशाख, डोळ्यांवर काच, कमरेला शिशाची वजनं. 10 मीटरपर्यंत खाली जायचं, कपारीला चिकटलेला अबालोन शिंपला लोखंडी पट्टीनं उचकटायचा, वर यायचं, गोळ्याला लटकवलेल्या जाळीत टाकायचा, श्वास घ्यायचा, की पुन्हा खाली. कामाच्या दिवशी 6-7 तास हेच.

[दृश्य : ड्रोन. हाल्लासान पर्वत, काळ्या गडग्यांची जाळी, हिरवे तुकडे.]

जेजू म्हणजे दक्षिण कोरियाचं सर्वांत मोठं बेट. मधोमध 1,947 मीटर उंचीचा हाल्लासान, देशातलं सर्वांत उंच शिखर. इथला दगड मराठी माणसाला ओळखीचा वाटेल: सह्याद्रीतला तोच काळा बसाल्ट, फक्त वयानं अगदीच पोरसवदा. पाऊस भरपूर पडतो, पण जमिनीवर थांबत नाही. सच्छिद्र दगडातून झिरपतो आणि किनाऱ्याला झरा होऊन फुटतो. म्हणून जुनी गावं किनाऱ्याला, आणि भाताऐवजी शेतात सातू आणि राळा.

हे गडगे जरा जवळून पाहा. ना चुना, ना माती. नांगराला लागलेला दगड उचलायचा आणि बांधावर रचायचा. फटी दिसतात त्या बुजवत नाहीत. त्यांतून वारा निघून जातो, म्हणूनच गडगा उभा राहतो. 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या गडग्यांना जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा मानलं. रचणाऱ्यांना ते कळवायला जरा उशीरच झाला.

[दृश्य : दगडी हारुबांग पुतळे. कुरणात घोडे.]

एके काळी इथं तामना नावाचं स्वतंत्र राज्य होतं. 1105 साली ते कोरियाच्या गोर्यो राजवटीत विलीन झालं. 1273 नंतर मंगोल आले आणि त्यांनी घोड्यांची कुरणं उभारली. हे घोडे त्याच काळाची आठवण. पुढे कोरियावर राज्य करणाऱ्या जोसन राजांच्या दरबाराला जेजूचे अबालोन हवे होते. भेट म्हणायचं, पण होती ती सक्तीची वसुली. ती भरता भरता कंबरडं मोडलेले पुरुष बेट सोडून पळू लागले, तेव्हा 1629 साली सरकारनं बेट सोडण्यावरच बंदी घातली. सुमारे 200 वर्षं ती टिकली. अबालोन काढणं मुळात पुरुषांचं काम. पुरुष कमी पडले, वसुली मात्र तेवढीच राहिली, आणि बायका अधिकाधिक खोल पाण्यात उतरल्या.

याच बंदीच्या काळात किम मान-दॉक ही व्यापारी बाई होऊन गेली. 1790च्या दशकातल्या दुष्काळात तिनं पदरच्या पैशानं धान्य आणवून लोकांना जगवलं. काय हवं, असं राजानं विचारलं, तर तिनं राजधानी आणि गुमगांगचे डोंगर बघायची परवानगी मागितली. ती मिळाली.

[दृश्य : समुद्राकाठी दगडांचं गोल कुंपण. आत शेकोटीची राख.]

हे बुलतॉक. पाण्यातून गारठून आलेल्या बायका इथं शेकत बसायच्या, कपडे बदलायच्या, पोरांना पाजायच्या. आणि इथंच सगळे निर्णय व्हायचे. शेकोटीभोवती कोण कुठं बसणार, हेही ठरलेलं. हेन्योंच्या तीन पायऱ्या: हागुन, जुंगगुन, सांगगुन. वरच्या पायरीवरची सांगगुन लाटा, वारा, तळाचे खडक सगळं ओळखते. आज पाण्यात उतरायचं की नाही, यात तिचा शब्द मोठा.

खरं शिकण्यासारखं इथून पुढे आहे. कुठला माल कधी काढायचा, किती लहान शिंपला परत सोडायचा, याचे नियम आहेत आणि ते पाळले जातात. काही गावांनी किनाऱ्यालगतचं उथळ पाणी म्हाताऱ्या हेन्योंसाठी राखून ठेवलं. तिथं तरण्यांनी हात मारायचा नाही. काही ठिकाणी समुद्राचा एक पट्टा शाळेच्या नावाचा. तिथून निघालेल्या मालाचे पैसे शाळेच्या इमारतीला. समुद्र सामाईक असला की लुटला जातो, असं अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्या मास्तरांना इथं आणून बसवायला हवं.

याच बुलतॉकांत 1932चं आंदोलन शिजलं. जपानी राजवटीतली सहकारी संस्था माल कवडीमोल भावानं उचलत होती. जानेवारीत सेह्वाच्या बाजारात हेन्यो उतरल्या, हातात खुरपी आणि अबालोनच्या पट्ट्या घेऊन.

[दृश्य : स्मृतिउद्यान. नावं कोरलेल्या शिळा.]

3 एप्रिल 1948 रोजी बेटावर उठाव झाला, आणि 1954पर्यंत चाललेल्या दडपशाहीत, सरकारी अहवालाच्या अंदाजानुसार, 25 ते 30 हजार माणसं मेली. म्हणजे बेटावरच्या दहातला एक. 2003 साली राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी माफी मागितली.

[दृश्य : संत्र्यांच्या बागा, तोडणी, क्रेट भरले जातायत.]

1960च्या दशकापासून सातू-राळ्याच्या जागी संत्री आली. पातळ सालीची, हातानं सोलता येणारी. एका झाडावर पोराचं कॉलेज निघायचं, म्हणून लोक त्याला विद्यापीठाचं झाड म्हणत. रोपं घ्यायला रोख रक्कम लागायची. ती पुष्कळ घरांत समुद्रातून आली, हे बागा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

[दृश्य : विमानतळ, रांगा. सॉन्गसानच्या विवराकडे जाणारी गर्दी.]

2007 साली ज्वालामुखी आणि लाव्हाच्या गुहा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. सोल-जेजू हा जगातला सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक. 2016 साली दीड कोटीहून जास्त पर्यटक आले. हॉटेलं वाढली, जमिनी महागल्या, सांडपाणी वाढलं. त्याच वर्षी हेन्यो संस्कृतीला युनेस्कोची मान्यता मिळाली आणि पोस्टरवर हेन्यो झळकल्या.

[दृश्य : किनाऱ्यावर माल निवडणाऱ्या वृद्ध हेन्यो.]

1960च्या दशकात 20 हजारांवर हेन्यो होत्या. आज तीन हजारांच्या आत आहेत, आणि बहुतेकींनी साठी ओलांडलीय. मुलीनं यात पडू नये, असं यांच्यातल्या कित्येकींनाच वाटत आलंय.

[दृश्य : हान्सुपुल हेन्यो शाळा. तरुण मुली पाण्यात दम धरायला शिकतायत.]

या शाळेत शहरातल्या मुली येतात, काही मुलगेही. पण इथून बाहेर पडलं म्हणजे समुद्र मिळाला असं नाही. गावच्या मच्छीमार संघटनेनं सभासद करून घ्यावं लागतं. पाणी तेवढंच, माल कमी होत चाललेला, आणि नवी पोरगी बाहेरगावची. काही गावं हो म्हणतात. काही अजून विचार करतायत.