925 नाही म्हणून खोटी नाही

(क्लोज-अप: भिंगाखाली ब्रोचची मागची बाजू)

हे जे दिसतंय ना, तांदळाच्या दाण्याहून लहान, ते रानडुकराचं डोकं आहे. पोर्तुगालमध्ये चांदी तपासून शिक्का मारायचे, त्यातलाच हा एक, आणि डुक्कर दिसलं म्हणजे वस्तू 1938 च्या आधीची, कारण तिथून पुढे डुकराच्या जागी गरुड आला. हा ब्रोच पणजीतल्या एका घरच्या पेटीतला. दुकानात नेला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मागे 925 शोधलं, मिळालं नाही, म्हणाला नकली आहे.

नकली नाहीये हो.

925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं, यालाच स्टर्लिंग म्हणतात. पण हे माप मूळचं इंग्लंडचं, आणि तिथल्या जुन्या दागिन्यावर बहुतेक वेळा आकडा नसतोच, एक पाय उचलून चालणारा सिंह असतो, शेजारी शहराची खूण, लंडनचं बिबट्याचं तोंड नाहीतर बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, आणि एक अक्षर, जे तक्त्यात शोधलं की वर्षच हातात येतं. पोर्तुगालमध्ये मात्र 833 सर्रास चालायची. गोव्यात 1961 पर्यंत राज्य त्यांचं, मग इथल्या पेट्यांत 833 निघणार नाही तर काय निघणार!

(फिलिग्रीचा, म्हणजे तारेच्या नक्षीचा, लांब शॉट)

आता ही तार बघा, घाई करू नका. दोन बारीक तारा एकमेकींत पिळायच्या, मग चपट्या करायच्या, म्हणून कडेला असे दाणे दाणे दिसतात. मग ती चिमट्याने वळवायची, चौकटीत बसवायची आणि डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून जोड लावून, पक्की करायची. पोर्तोजवळच्या गोंडोमारमध्ये हे काम आजही चालतं. ओतीव नक्षीत हे दाणे बुजलेले असतात, तार आणि चौकट एकाच गोळ्यातून आल्यासारखी दिसते, भिंग लावलं की फरक लगेच कळतो. यातले काही दागिने सोन्याचा मुलामा दिलेले असतात, घरचे त्यांना सोनं समजतात आणि शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, गेल्यावर तोंड पडतं, पण आत चांदी असते आणि काम हाताचं असतं, ते कुठे जातं?

(म्हापसा, शेटच्या दुकानात)

लोहचुंबकावर जाऊ नका, पितळ पण चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हर पण नाही, ज्यात चांदी औषधालाही नसते. शेट काय करतात, कसोटीच्या दगडावर दागिना घासतात, वर अॅसिडचा थेंब, आणि हा बघा, लाल झाला. लाल म्हणजे चांदी. फक्त मुलामा असेल तर वरवर घासून फसायला होतं, म्हणून आतल्या बाजूची कड जरा खोल घासायची.

आपल्याकडच्या वाळ्यांवर, तोड्यांवर शिक्का शोधत बसू नका, चांदीचं बीआयएस हॉलमार्किंग, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा शुद्धतेचा शिक्का, हेच 2005 चं. जुन्या काळी रुपये आटवून दागिने व्हायचे. हा गोव्याचा 1881 चा रुपिया, पोर्तुगालचा राजा लुईश याचं तोंड असलेला, 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि चांदी जवळजवळ 92 टक्के. तिकडे ब्रिटिश हद्दीतल्या रुपयातली चांदी 1940 मध्ये 50 टक्क्यांवर आणली, त्यामुळे कोणता रुपया आटवला त्यावर कस ठरतो.

किमतीचं म्हणाल तर 40 ग्रॅमचा 925 चा दागिना म्हणजे 37 ग्रॅम शुद्ध चांदी, 833 चा असेल तर साधारण 33, हा झाला मोडीचा हिशोब, त्यातून घट कापतात ती वेगळी. पण कारागिराचा शिक्का, मूळची पिन, न झिजलेली नक्षी यांची किंमत काट्यावर येतच नाही. शिशाचा डाग देऊन केलेली दुरुस्ती असेल तर भाव पडतो, आणि घासून घासून चकचकीत केलं तरी पडतो, खाचांतला काळेपणा राहू द्या.

(मूस, भट्टी)

याच पेटीतली कर्णफुलं आधीच मोडीत गेली होती.

विकायचंच असेल तर विका, पण आधी शिक्क्याचा जवळून फोटो काढा, वजन लिहून ठेवा, एक्सआरएफ मशीनवर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या मशीनवर, तपासून घ्या, मशीन वरचाच थर वाचतं म्हणून मागची बाजू पण दाखवा, आणि मोडीचा भाव सांगणाऱ्या माणसाशिवाय जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाला तरी विचारा.