बाळंतिणीच्या बॅगेतला पावडरचा डबा

(दृश्य : नाशिकमधील एक घर. पलंगावर उघडी बॅग, शेजारी घडी घातलेली दुपटी.)

सुती दुपटी, झबली, टोपडी, लंगोट, बाळंतिणीचे गाऊन आणि तपासण्यांची फाइल यांच्याबरोबर हल्ली काही घरांतून दवाखान्याच्या बॅगेत पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटलीही ठेवली जाते. बाळाला अंगावरच पाजायचे हे आईने ठरवलेले असते, घरच्यांचाही त्याला विरोध नसतो. तरीही दूध उतरलेच नाही तर ऐन वेळी पळापळ नको, असा विचार त्यामागे असतो, आणि सिझेरियनची तारीख आधीच मिळालेली असेल तर ही धास्ती आणखी वाढते.

हेतू काळजीचाच असला, तरी अंगावर पाजण्याचा निश्चय असलेल्या आईने हा डबा सोबत नेऊ नये, असे आमचे मत आहे. वरचे दूध वाईट असते असा त्याचा अर्थ नाही, कारण काही बाळांना त्याची खरोखर गरज पडते. परंतु ती गरज बाळाचे वजन, लघवी आणि रक्तातील साखर पाहून ठरायला हवी, आणि डबा उशाशी असला की ती बहुधा बाळाच्या रडण्यावरून ठरते.

(दृश्य : रुग्णालयाची खोली, रात्र. बाळाला मांडीवर घेतलेली आजी.)

हे सर्वाधिक घडते ते दुसऱ्या रात्री. पहिल्या दिवशी बाळ बराच वेळ झोपते; दुसऱ्या रात्री मात्र ते वारंवार जागे होते, पाजून खाली ठेवताच पुन्हा रडते आणि तासाभरात अनेकदा छातीशी झेपावते. ‘पोट भरत नाही’ असे अशा वेळी खोलीतील कोणीतरी म्हणतेच. वास्तविक निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या चोवीस तासांत एका वेळी साधारण २ ते १० मिलिलिटर दूध पुरते, आणि घट्ट, पिवळसर चीक तेवढाच येतो. भरपूर दूध उतरायला सहसा दोन ते पाच दिवस लागतात. सिझेरियननंतर, पहिलटकरणीला किंवा मधुमेह असलेल्या आईला थोडे अधिकही लागू शकतात. तोवर बाळाचे वारंवार चोखणे हीच दूध वाढण्याची मागणी असते. चोखण्याने आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. पहिल्याने दूध तयार होते, दुसऱ्याने पान्हा फुटतो. त्या रात्री बाटलीभर वरचे दूध पाजले तर बाळ तीन-चार तास गाढ झोपते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि तेवढ्या काळात स्तनांना दूध तयार करण्याचा निरोपच मिळत नाही. हे रोज होऊ लागले की दूध खरोखरच कमी पडते, आणि बॅग भरताना वाटलेली भीती बरोबर होती अशी सर्वांची खात्री पटते.

बाळाला पुरेसे मिळते आहे की नाही, हे कळण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पहिल्या काही दिवसांत जन्मवजन सात टक्क्यांपर्यंत घटणे बहुधा स्वाभाविक असते. घट दहा टक्क्यांच्या जवळ गेली तर डॉक्टरांनी पाजण्याची पद्धत आणि बाळ दोन्ही तपासायला हवे. लघवी दिवसागणिक वाढत जाऊन पाचव्या दिवसाच्या सुमारास चोवीस तासांत सहा वेळा किंवा अधिक व्हावी, आणि काळी शी तोवर पिवळी व्हावी. बाळ सुस्त पडले, पाजण्यासाठी उठेनासे झाले, कावीळ वाढली किंवा साखर उतरली, तर मात्र थांबू नये. अशा वेळी आधी आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने, ते नसेल आणि दुग्धपेढीची, म्हणजे दात्या मातांचे दूध साठवणाऱ्या पेढीची, सोय असेल तर तिथले दूध, आणि त्यानंतर पावडरचे दूध, असा क्रम असतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे; आपल्या रुग्णालयाला दात्या मातांचे दूध मिळू शकते का, हे आधीच विचारून ठेवावे. डॉक्टरांनी डबा लिहून दिलाच, तर शहरातील मोठ्या रुग्णालयांच्या आवारात किंवा समोर मेडिकल असते आणि तो काही मिनिटांत आणता येतो.

सुरगाणा, पेठ किंवा इगतपुरीच्या पाड्यांवरून तालुक्याच्या ठिकाणी प्रसूतीला येणाऱ्या कुटुंबांचे काय, असा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे रात्री दुकान उघडे मिळेलच असे नाही. पण डब्याचा धोकाही तिथेच अधिक असतो. पावडर निर्जंतुक नसते. ती उकळलेल्या आणि निदान ७० अंश सेल्सिअस गरम असलेल्या पाण्यात कालवून मग निववावी लागते. टपरीवरून थर्मासमध्ये आणलेले कोमट पाणी आणि नुसती विसळलेली बाटली यांनी ते साधत नाही. त्यामुळे गरज पडल्यास सोय काय, हे तिथल्या परिचारिकेला दाखल होतानाच विचारलेले बरे.

(दृश्य : थंडीतली सकाळ, निफाडच्या द्राक्षबागा. त्यानंतर आईच्या छातीवर पांघरुणाखाली बाळ.)

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. गारठलेले बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर खर्च करते. जन्मल्याबरोबर त्याला पुसून, टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घातले, तर ते उबदार राहते आणि पहिल्या तासातच चोखूही लागते. कमरेत भूल देऊन केलेल्या सिझेरियननंतरही हे बहुतेक वेळा शक्य असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के जन्म आरोग्य संस्थांमध्ये झाले असताना, पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळे ४१.८ टक्केच होती. हा दोष एकट्या आयांच्या माथी मारता येणार नाही.

कंपन्यांना आयांना फुकट नमुने देण्यास आणि बालदुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून एखाद्या ठिकाणी न मागता डबा हाती आला, तर तो कशासाठी, हे विचारण्याचा आईला पूर्ण हक्क आहे.

स्तनांवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली, मागच्या बाळंतपणात दूध फारच कमी आलेले, मधुमेह असलेली किंवा बाळाला चालणार नाहीत अशी औषधे घेणारी आई यांनी मात्र सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून योजना ठरवावी. त्या योजनेत डबा असेल, तर तो बॅगेत ठेवण्यात काहीच गैर नाही. अंगावर न पाजण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेल्या आईलाही कोणी बोल लावू नये. तिला डबा, पाणी आणि वाटी-चमच्याची नीट माहिती हवी.

बाकीच्यांनी डब्याच्या जागी झाकणाची स्वच्छ स्टीलची वाटी आणि चमचा ठेवावा, आणि दुसऱ्या रात्री सोबतीला कोण थांबणार हे आधी ठरवावे. बाळाला पुन्हा पाजायला उचलून देणारे, आईला पाणी विचारणारे आणि परिचारिकेला हाक मारायला न संकोचणारे माणूस त्या रात्री हवे. रुग्णालयात वरचे दूध सुरू झालेच असेल, तर घरी निघण्यापूर्वी ते किती, किती वेळा आणि कधीपर्यंत द्यायचे हे लेखी घ्यावे, आणि बाळाचे वजन पुन्हा करण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्यावी.